पडद्यावरची अफू: कॅमेरा चंडूखान्यातच का अडकतो?

प्रश्न असा आलाय: १८३० ते १८५०च्या मुंबईत अफूच्या व्यापारात असलेल्या एका घराण्यावर वेबमालिका लिहायची आहे. अफू आणि वसाहतवाद या विषयावरचे कोणते सिनेमे बघावेत, त्यांतलं काय खरं मानावं, आणि सेट-प्रॉपर्टीच्या अंगाने काय सांभाळावं? मी कलादिग्दर्शक आहे, जुन्या काळाची कामं बरीच केली आहेत. त्यामुळे कथानकापेक्षा वस्तूंच्या बाजूने बोलेन. तुमच्या विषयात नाहीतरी सगळं राजकारण वस्तूंमध्येच आहे: पेटी, पावती, दिवा, जहाज.

सिनेमे भरपूर बघा. पण बघताना दरवेळी एक गोष्ट तपासा, कॅमेरा अफूला पहिल्यांदा कुठे भेटतो? बहुतेक सिनेमे तिला चंडूखान्यात भेटतात. अंधारी खोली, लाल कंदील, लाकडी बाजेवर आडवा पडलेला, हाडांचा सापळा झालेला चिनी माणूस आणि धुराचे लोट. म्हणजे माल शेतातून निघाला, कारखान्यात बांधला गेला, लिलावात विकला गेला, जहाजावर चढला, लाच देऊन किनाऱ्यावर उतरला आणि गिऱ्हाइकाच्या नळीत पोचला, की मग आपला सिनेमा सुरू. तोवर शेतकऱ्याला उचल देणारा सरकारी अंमलदार, कलकत्त्यात बोली लावणारा दलाल आणि मुंबईच्या वखारीतला शेटजी जेवूनखाऊन झोपलेले असतात. खोलीत उरतात ओढणारा आणि विकणारा, आणि दोघेही चिनी. एका साम्राज्याने रीतसर खातं उघडून चालवलेला धंदा पडद्यावर येईपर्यंत पूर्वेकडच्या माणसांचं व्यसन होऊन बसतो, तो असा.

ही चौकट पाश्चात्त्य मूकपटांनी बसवली. ग्रिफिथचा ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ (१९१९) घ्या. लंडनच्या लाइमहाउस वस्तीतला चिनी दुकानदार, भूमिका रिचर्ड बार्थेलमेस या गोऱ्या नटाने डोळे बारीक करून केलेली. दिग्दर्शकाची सगळी सहानुभूती या माणसाकडे आहे, तरी त्याची निराशा दाखवायची वेळ आली की त्याला अफूच्या अड्ड्यावरच नेऊन निजवलंय. पुढे फू मांचू या काल्पनिक चिनी खलपुरुषाच्या चित्रपटांनी त्याच खोलीत खलनायक आणून बसवला. आजही एखाद्या मालिकेला ‘पूर्वेकडचं गूढ’ दाखवायचं असलं की कलाविभागाला पहिली मागणी येते ती लाल कंदिलांची. मी त्या मागणीला सरळ नाही म्हणतो.

आता त्या नळीकडे जवळून बघू, कारण पडद्यावर सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नळी बांबूची, साधारण दीड-दोन फूट लांब. तिच्या टोकाला उघडी वाटी नसते. टोकापासून थोडं अलीकडे दाराच्या मुठीसारखं एक पोकळ, मातीचं किंवा चिनीमातीचं बोंडूक बसवलेलं असतं आणि त्याला सुईएवढं भोक. शेजारी ट्रेमध्ये काचेचं झाकण असलेला तेलाचा छोटा दिवा. सळईच्या टोकावर चंडूचा, म्हणजे ओढण्यासाठी आटवलेल्या अफूचा, थेंब घेऊन तो दिव्याच्या धगीवर फुलवायचा, त्या बोंडकाच्या पाठीवर लोळवून गोळी करायची, भोकावर बसवायची आणि मग नळी दिव्यावर आडवी धरून ओढायची. यात अफू जळत नाही, तिची वाफ होते. लोक आडवे पडायचे त्याचं पहिलं कारण हेच, दिवा खाली आणि नळी त्याच्या वर आडवी धरायला दुसरी सोय नाही. सिनेमात मात्र नट चिलीम पेटवावी तशी काडी लावतो, खोलीभर यंत्राचा धूर सोडला जातो, आणि पडून राहणं म्हणजे आळस असा अर्थ प्रेक्षक आपोआप लावतो. प्रत्यक्षात दोन-चार झुरक्यांत गोळी संपते. वेळ जातो तो तयारीत. कोण कोणासाठी गोळी वळून देतंय, कोण नुसतं हात पुढे करतंय, यात नाट्य आहे.

हे ज्याला कळलं तो दिग्दर्शक म्हणजे हौ श्याओ-श्येन. ‘फ्लॉवर्स ऑफ शांघाय’ (१९९८) हा माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात अचूक सिनेमा आहे, आणि त्यात युद्ध नाही, जहाज नाही, एकही इंग्रज महत्त्वाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं शांघाय, परकीय वसाहतीतली गणिकांची उंची कोठी, टोनी ल्युंगने केलेला वांग नावाचा अधिकारी आणि त्याच्या मर्जीतल्या दोन बायका. सगळं चित्रण घराच्या आत. कॅमेरा बाहेर रस्त्यावर एकदाही जात नाही. दोन तासांच्या आसपासचा सिनेमा चाळीसहून कमी शॉट्समध्ये उलगडतो. छायाचित्रकार मार्क ली पिंग-बिंग यांनी उजेड तेलाच्या दिव्यांचाच वाटावा असा ठेवलाय. अफूची नळी तिथे पानाच्या तबकासारखी हातोहात फिरते. जेवण झालं नळी, भांडण झालं नळी, पैशांचा हिशेब करायचा तरी नळी. आणि कुणीही ‘अरेरे, व्यसन!’ म्हणत नाही. एक बाई दुसऱ्यासाठी गोळी तयार करत असते तेव्हा तिच्या बोटांत तिचा सगळा दर्जा दिसतो. परकीयांची सत्ता कुठे आहे, तर ती त्या घराच्या भिंतींत आहे. चिनी कायदा जिथे चालत नाही अशा जागेत ही माणसं मजेत बसली आहेत. हा सिनेमा दोनदा बघा. पहिल्यांदा कंटाळाल.

एक तारीख इथेच मनात पक्की करा. हिंदुस्थानातून जाणाऱ्या अफूचा जोर १८३० ते १८८०. एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा चीनमध्येच, विशेषतः सेचुआन आणि युनानमध्ये, आयातीपेक्षा किती तरी जास्त अफू पिकत होती. १९०७च्या ब्रिटन-चीन करारानंतर ब्रिटिश हिंदुस्थानची निर्यात टप्प्याटप्प्याने बंद झाली. त्यामुळे १९३०च्या शांघायमधल्या गुंडांच्या सिनेमात कुणी ‘ही कलकत्त्याची अफू’ म्हणालं तर ते चूक. तुमच्या काळात मात्र ती खरोखर कलकत्त्याची आणि मुंबईची आहे.

चिनी पडद्यावर अफू म्हटलं की समोर येतो लिन झेशू. १८३९ मध्ये सम्राटाने कँटन या दक्षिण चीनमधल्या बंदराला पाठवलेला खास आयुक्त. परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या कोठ्यांत कोंडून त्याने वीस हजारांहून जास्त पेट्या ताब्यात घेतल्या आणि हूमेनच्या किनाऱ्यावर नष्ट केल्या. इंग्रजांनी चीनवर पहिलं अफूचं युद्ध लादलं ते यावरून, आणि ते संपलं १८४२च्या नानकिंगच्या तहाने. गंमत बघा, या देशभक्ताचे बोलपट काढणाऱ्यांत जपानी पुढे होते. नानकिंगच्या तहाला शंभर वर्षं झाली त्या सुमारास, १९४३ मध्ये, टोकियोत मासाहिरो माकिनोने ‘अफूचं युद्ध’ काढला. लिनपासून इंग्रजांपर्यंत सगळ्या भूमिका जपानी नटांनी केल्या. त्याच वर्षी जपानच्या ताब्यातल्या शांघायमध्ये ‘इटर्निटी’ या नावाने ओळखला जाणारा चिनी सिनेमा झळकला. हेतू उघड होता, बघा गोऱ्यांनी आशियाचं काय केलं, आणि आता आम्ही तुम्हाला सोडवायला आलोय. ‘इटर्निटी’च्या निर्मितीत मांचुकुओच्या, म्हणजे जपानने मांचुरियात बसवलेल्या बाहुल्या राज्याच्या, ज्या चित्रसंस्थेचा हात होता तिचा प्रमुख होता मासाहिको अमाकासु. बेर्तोलुचीच्या ‘द लास्ट एम्परर’मध्ये (१९८७) संगीतकार र्‍युइची साकामोतोने केलेली भूमिका त्याचीच. आणि त्याच मांचुकुओत जपान्यांनी अफूचा सरकारी मक्ता उघडून त्यावर तिजोरी भरत ठेवली होती. म्हणजे डाव्या हाताने अफू विकायची आणि उजव्या हाताने अफूविरोधी सिनेमा काढायचा.

‘इटर्निटी’मध्ये ली श्यांगलान चंडूखान्यात गोळ्या-मिठाई विकत फिरते आणि गाण्यातून लोकांना नळी सोडायला सांगते. ते गाणं चीनभर गाजलं. ली श्यांगलान चिनी नव्हती, ती योशिको यामागुची नावाची मांचुरियात वाढलेली जपानी मुलगी होती. युद्धानंतर देशद्रोही म्हणून तिच्यावर खटला उभा राहिला आणि आपण जपानी आहोत हे सिद्ध झाल्यावर तिची सुटका झाली. शांघायच्या प्रेक्षकाला मात्र परकीयांविरुद्ध उभा राहिलेला लिन पडद्यावर दिसला, की त्याच्या मनात कुठला परकीय येत असेल, हे सेन्सॉरला कापता आलं नाही. प्रचारपट काढणाऱ्याच्या हातून निसटतात ते असे.

त्यानंतरचा लिन १९५९चा. जनता प्रजासत्ताकाची दहा वर्षं साजरी करायला काढलेला ‘लिन झेशू’, दिग्दर्शक झेंग जुन्ली आणि त्सेन फान, मुख्य भूमिकेत झाओ दान. तो डोळ्यांनी काम करणारा नट होता. परदेशी व्यापाऱ्यासमोर राग गिळून बसलेला त्याचा लिन अजूनही बघण्यासारखा आहे. इथे आयुक्ताच्या मागे कोळी आणि शेतकरी उभे केलेत आणि शेवटाकडे सानयुआनलीच्या गावकऱ्यांचा उठाव येतो. मे १८४१च्या त्या चकमकीत पावसात वाट चुकून गावकऱ्यांच्या वेढ्यात सापडलेली तुकडी ३७व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची होती. आपलेच शिपाई. चिनी सिनेमात ते ‘शत्रू’ या एका शब्दात जातात, आणि आपल्याकडे तर त्यांच्यावर कुणी एक दृश्यही लिहिलेलं नाही. पुढे सांस्कृतिक क्रांतीत झाओ दान तुरुंगात गेला आणि झेंग जुन्ली तुरुंगातच वारला.

तिसरा लिन १९९७चा, शिये जिनचा ‘द ओपियम वॉर’. हाँगकाँग परत मिळण्याच्या तोंडावर, प्रचंड खर्च करून काढलेला. या सिनेमासाठी झेच्यांग प्रांतातल्या हंगदियेन गावी जुन्या कँटनचे रस्ते उभारले गेले. सिनेमा संपला तरी सेट राहिला, वाढत गेला, आणि आज तिथे जगातला सगळ्यात मोठा चित्रपट-स्टुडिओ आहे. चीनच्या ऐतिहासिक मालिका ज्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं चित्रित होतात त्यांची सुरुवात अफूच्या युद्धाने झाली, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विशेष वाटतं. सिनेमा म्हणूनही तो ठीक आहे. त्यात ब्रिटिश पार्लमेंट आहे, चीनच्या दरबाराचा आंधळेपणा लपवलेला नाही. एप्रिल १८४० मध्ये युद्धावरून सरकारविरुद्ध आलेला ठराव २७१ विरुद्ध २६२, म्हणजे फक्त नऊ मतांनी पडला होता, हे लक्षात ठेवून ती दृश्यं बघा. माझी तक्रार एकच. पेट्या येतात कँटनला, पण त्या भरल्या कुठे हे कथेत नाही. हिंदुस्थान जणू समुद्रातच बुडालेला आहे.

हूमेनचं दृश्य सगळ्यांनीच भव्य केलंय आणि बहुतेकांनी धूर-ज्वाळांच्या नादाने केलंय. आपणही बोलताना ‘अफू जाळली’ म्हणतो. लिनने ती जाळली नव्हती. जाळली तर जमिनीत मुरते आणि लोक माती उकरून नेतात, हे त्याला ठाऊक होतं. किनाऱ्याला मोठे हौद खणले, तळाला दगडी फरशी, कडेला फळ्या. पाणी आणि मीठ टाकायचं, गोळे फोडून तुकडे भिजत घालायचे, मग कळीचा चुना. हौद रटरटायला लागला की फळ्यांवर उभे राहून मजूर लांब दांड्यांनी ढवळायचे आणि ओहोटी लागली की दार उघडून सगळं समुद्रात सोडायचे. जून १८३९ मध्ये हे काम तीनेक आठवडे चाललं. संध्याकाळी मजुरांची झडती व्हायची. लिनने समुद्रदेवतेची प्रार्थना लिहिली, तुझ्या पोटात हे विष सोडतोय, जलचरांना जरा दूर ने, अशा अर्थाची. मला विचाराल तर या प्रार्थनेचं आणि त्या उग्र वासाच्या चिखलाचं दृश्य कुठल्याही आगीपेक्षा जबरदस्त होईल.

बाकीचे भरभर सांगतो. ‘अँदोशीन’ (१९९२), फ्रेंच अमलाखालच्या व्हिएतनाममधली कॅथरीन देन्यूव्हची रबराच्या मळ्याची मालकीण आणि तिच्या एकटेपणाला सोबत अफूची. देखणा सिनेमा, ऑस्करही मिळालं, पण फ्रेंच सरकार सायगावला स्वतःचा अफूचा कारखाना चालवत होतं आणि पितळी डब्यांतून माल विकत होतं, याची झळ त्या सुंदर बाईपर्यंत पोचत नाही. हाँगकाँगचा ‘रूज’ (१९८७) अवश्य बघा. १९३०च्या दशकातली गणिका आणि श्रीमंताघरचा मुलगा अफू गिळून मरायचं ठरवतात. अफू तिथे विष म्हणून येते, आणि चीनमध्ये हा तिचा खरोखरच मोठा उपयोग होता. शॉ ब्रदर्सचा ‘ओपियम अँड द कुंगफू मास्टर’ (१९८४) मारामारीचा पट आहे, पण टी लुंगने केलेला व्यसनी गुरू गंभीर सिनेमांतल्या व्यसनींपेक्षा खरा वाटतो. ‘ताइ-पान’ (१९८६) फक्त काय करू नये यासाठी बघा. अफूवाला गोरा व्यापारी नायक आणि त्याच्या पेटीत काय आहे हे कुणी विचारायचं नाही.

आता जे पडद्यावर नाही त्याकडे वळू.

पाटण्याला गुलजारबाग आणि गंगेच्या वरच्या अंगाला गाझीपूर, ईस्ट इंडिया कंपनीचे हे दोन कारखाने. गाझीपूरचा तर अजून सरकारी ताब्यात चालू आहे, औषधांसाठी. बिहारचा शेतकरी उचल घेऊन खसखस लावायचा आणि माल सरकारने ठरवलेल्या भावातच सरकारला घालायचा. दुसरीकडे विकला तर गुन्हा. दुपारी बोंडांना उभे चिरे द्यायचे, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी खरवडून घ्यायचा. कारखान्यात त्या चिकाचे तोफगोळ्याएवढे गोळे बांधले जात. वरचं कवच खसखशीच्याच पाकळ्यांच्या पातळ पोळ्यांचं, एकावर एक पातळ अफूने चिकटवलेलं. एका पेटीत ४० गोळे, प्रत्येकाला स्वतंत्र खण. पेटीचं वजन साधारण ६३ किलो अफूचं. वाळवणीच्या दालनात मजल्यासारख्या उंच मांडण्या आणि त्यांवर हजारो गोळे. मुलं त्या मांडण्यांवर चढून दिवसभर गोळे फिरवायची, बुरशी आणि किडे झाडायची. १८५०च्या सुमारास वॉल्टर शेरविलने या दालनांची चित्रं काढली, ती शिळाछाप होऊन आज सर्वत्र मिळतात. पाटण्याचे चित्रकार शिवलाल यांनी त्याच दशकात चीक गोळा करण्यापासून गोळे बांधण्यापर्यंतची मालिकाच रंगवली. ज्या डॉक्टर लायलने ती करवून घेतली तो १८५७च्या दंग्यात मारला गेला. एवढं सगळं दृश्य साहित्य आयतं असताना त्या मांडणीवर चढलेला एक पोरगा कुठल्याही सिनेमाच्या पहिल्या दृश्यात नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

पुढची रचना तर त्याहून चलाख. कंपनी स्वतःच्या जहाजातून चीनला अफू न्यायची नाही. ती कलकत्त्यात लिलाव करायची आणि मोकळी व्हायची. पेट्या खाजगी व्यापारी उचलायचे, कँटनच्या खाली लिंटिन बेटाजवळ नांगरून ठेवलेल्या जहाजांवर साठवायचे, तिथून चिनी तस्करांच्या वल्ह्यांच्या होड्या रात्री माल न्यायच्या. मिळालेली चांदी व्यापारी कंपनीच्याच कँटनच्या खजिन्यात भरून हुंड्या घ्यायचे आणि त्या चांदीतून कंपनी इंग्लंडसाठी चहा विकत घ्यायची. कागदोपत्री कंपनीच्या हाताला अफूचा डाग नाही. शतकाच्या मध्याला ब्रिटिश हिंदुस्थानच्या महसुलाचा सुमारे सातवा हिस्सा अफूचा होता. लंडनवर बेतलेल्या मालिकांत चहाच्या पेल्यावर कॅमेरा किती प्रेमाने रेंगाळतो, ते आठवा.

तुमची मुंबई या गोष्टीत बाजूच्या दाराने येते, आणि तेच रंजक आहे. माळव्याची अफू शिंदे, होळकर अशा संस्थानांत पिकायची, तिथे कंपनीचा मक्ता चालत नव्हता. कंपनीने आधी ती अडवायचा प्रयत्न केला, तर माल वळसा घालून कराचीला आणि पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागला. शेवटी १८३०च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि पास काढा, फी भरा, मुंबईतून न्या, अशी सोय केली. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि पासाची फी चढत गेली. सिंधच्या स्वारीमागे अफू कितपत होती यावर वाद आहे, पण फायदा कुणाला झाला यावर नाही.

या धंद्यात मुंबईत कोण होतं? जमशेटजी जीजीभॉय हे ठळक नाव. पण नुसते पारशी दाखवाल तर अर्धी मुंबई सुटेल. जमशेटजींच्या भागीदारांत मोतीचंद अमीचंद हे जैन, मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रोजेरियो द फारिया हा मूळचा गोवेकर ख्रिस्ती. दमणची वाट फारियाच्या हातातली. चार धर्म, एक पेटी. माळव्याकडच्या दरबारी कागदांचं मराठी मोडीत आहे, पेढ्यांच्या वह्या गुजरातीत, चीनच्या कोठीशी पत्रव्यवहार इंग्रजीत. तुमच्या कारकुनाच्या टेबलावर हे तिन्ही दिसले पाहिजेत. मोडी लिहिणारा खरा माणूस आणा. देवनागरी अक्षरं तिरकी करून मोडी होत नाही, आणि महाराष्ट्रात ती चोरी ओळखणारे प्रेक्षक अजून आहेत.

जमशेटजी १८०५ मध्ये चीनला निघाले असताना फ्रेंचांनी जहाज पकडलं. त्याच जहाजावर डॉक्टर होता विल्यम जार्डिन, पुढे जार्डिन मॅथेसन कंपनीचा. ती ओळख आयुष्यभर धंद्याला पुरली. १८३९ मध्ये लिनने बुडवलेल्या पेट्यांत मुंबईकरांचा माल भरपूर होता. इंग्रज अधिकारी एलियटने व्यापाऱ्यांना पावत्या देऊन तो सरकारच्या नावाने घेतला आणि लिनच्या हवाली केला. मग त्या पावत्या उराशी धरून मुंबईचे शेटजी वर्षानुवर्षं थांबले. तहात अफूच्या भरपाईचे साठ लाख चांदीचे डॉलर चीनकडून वसूल झाले, तरी व्यापाऱ्यांना पुरती किंमत मिळाली नाही. मालिकेचा एक अख्खा हंगाम या पावत्यांवर उभा राहील. घरात आजारपण, बाजारात अफवा, आणि तिजोरीत तो कागद. शिवाय तो नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ युद्धनौकेवर झाला, ती १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली.

जमशेटजींसारखं पात्र लिहिताना दोन्ही टोकं टाळा. रुग्णालय, माहीमचा रस्ता, १८५७ मध्ये सुरू झालेली कलाशाळा, हे सगळं दान खरं आहे आणि पैसा कुठून आला तेही खरं आहे. त्या कलाशाळेत १८८५ मध्ये धुंडिराज गोविंद फाळके शिकायला आले. भारतीय सिनेमाच्या जनकाच्या हातात पेन्सिल आली त्या वास्तूच्या पायात चीनच्या व्यापाराचा पैसा आहे, आणि तरी आपल्या सिनेमाला त्या व्यापारावर गोष्ट सुचलेली नाही. त्या काळात धंद्याला नावं ठेवणारेही होते, म्हणजे पात्राच्या तोंडी आजचं नीतिशास्त्र घालायची गरज नाही. दादाभाई नौरोजी लंडनच्या कामा पेढीतून बाहेर पडले त्यात अफू आणि दारूच्या नफ्याचा प्रश्न होता. १८८१ मध्ये तरुण रवींद्रनाथांनी चीनमधल्या या ‘मरणाच्या व्यापारा’वर बंगालीत लेख लिहिला. हे तुमच्या काळानंतरचे, पण तो सूर आधीच्या पिढीत उमटू शकतो. डेव्हिड ससूनला मात्र सुरुवातीच्या भागांत बडा शेठ करू नका. तो १८३०च्या दशकात नुकता मुंबईत पाय रोवत होता. ससून घराण्याचं वर्चस्व नंतरचं.

घरात चिनी नळ्या दाखवू नका. आपल्याकडे अफू मुख्यतः गिळायची किंवा घोळून प्यायची वस्तू होती. राजस्थान-गुजरातेत पाहुण्याला कसुंबा (पाण्यात घोळलेली अफू), म्हाताऱ्यांना सांधेदुखीवर गोळी, आणि काम करणाऱ्या बाईने तान्हं झोपावं म्हणून त्याला चाटवलेली तिळाएवढी अफू. मुंबईच्या गिरण्यांच्या काळापर्यंत ही बाळांची गोळी चालू होती. तुमच्या शेटजींच्या घरातली दाई हे करताना दिसली, आणि त्याच वेळी दिवाणखान्यात ‘चिनी लोक फार व्यसनी’ अशी चर्चा चालली असेल, तर संवाद आणखी लिहावा लागणार नाही.

प्रॉपर्टीचं थोडं. लाल फुलांचे पोस्टर विसरा, बिहारची अफूची खसखस पांढऱ्या फुलांची. रॉकेलचे कंदील नकोत, रॉकेल १८६०नंतरचं. खोबरेल आणि तिळाच्या तेलाचे दिवे घ्या, उजेड पिवळा आणि बुटका ठेवा. माळव्याचा माल पाटण्यासारखा गोल नाही, त्याच्या वड्या, आणि पेटीत खाली-वर वाळलेल्या पानांचा चुरा. हा फरक दाखवाल तर जाणकार सलाम करतील. खोट्या अफूसाठी आम्ही गूळ आटवून त्यात चिंचेचा कोळ आणि थोडा काळा खाण्याचा रंग घालतो. दिव्यांच्या उष्णतेत तो चिकट राहतो आणि नटाच्या हाताला लागला तरी हरकत नाही, मुंग्या तेवढ्या सांभाळा. खऱ्या शेतात चित्रीकरण करायचं मनात असेल तर अफूची लागवड आज फक्त मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने होते, फुलं जानेवारी-फेब्रुवारीत असतात, आणि ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोकडे खूप आधी अर्ज करावा लागेल. उत्तराची वाट बघत तारखा घालवण्यापेक्षा मी कापडी फुलांचे दोन वाफे पुढे लावतो आणि मागे शेत रंगवून घेतो.

वाचनासाठी दोन जागा. जमशेटजींच्या पत्रांच्या नकलवह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, आणि अफूच्या महसुलाचे कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. पत्रांत भाव, विमा, वारा, जहाज कधी सुटलं, कुणाची प्रकृती कशी आहे, हे सगळं एकाच सुरात येतं. लेखकाला घेऊन जा आणि आठवडाभर तिथे बसवा, चंडूखाना त्याच्या डोक्यातून आपोआप निघून जाईल.